चांद सुलताना: माहेर अहमदनगर, सासर विजापूर

अहमदनगरला (आता सरकारी नाव अहिल्यानगर) गेलात की तुम्हाला शहराबाहेरच्या डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत दाखवतात. सगळे तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. गेल्या मे महिन्यात आम्ही आमच्या नवी मुंबईच्या शाळेतली काही मुलं-मुली आणि त्यांचे आई-वडील घेऊन तिथे गेलो होतो. वर चढून धापा टाकत असतानाच आम्हाला सांगावं लागलं की हा चांदबीबींचा महाल नाही. ही सलाबतखान या निजामशाही वजिराची कबर आहे. मुलं हिरमुसली. एकीनं विचारलं, मग चांदबीबींचं काय आहे इथे? आम्ही खाली शहराच्या कडेला दिसणाऱ्या किल्ल्याकडे बोट केलं. पण तेवढ्यानं उत्तर पुरं होत नव्हतं, म्हणून परतीच्या वाटेवर बसमध्ये जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहून काढतो.

चांदबीबी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हातात तलवार, चेहऱ्यावर नकाब आणि फुटलेला तट येतो. ते चित्र खोटं नाही. पण आम्हाला त्यांचं खरं मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. लढाईनं मोडून पडलेलं माहेरचं राज्य त्यांनी सासरच्या फौजेच्या मदतीनं सावरलं, आणि मदतीला आलेल्यांना मालक होऊ दिलं नाही. हे काम तलवारीपेक्षा अवघड होतं.

त्यांचा जन्म १५५० च्या सुमाराचा. वालिद हुसेन निजामशाह, अहमदनगरचे सुलतान. वालिदा खुंझा हुमायून. त्या काळी अहमदनगर आणि विजापूर म्हणजे एकमेकांच्या उरावर बसलेले शेजारी, आणि भांडणाचं कायमचं कारण सोलापूरचा किल्ला. मग विजयनगरच्या रामरायाविरुद्ध दख्खनच्या सुलतानांनी हात मिळवायचं ठरवलं, तेव्हा तह लग्नांनी पक्का झाला. चांदबीबींचा निकाह विजापूरच्या अली आदिलशाहाशी झाला आणि सोलापूर जहेजमध्ये गेलं. उलट बाजूनं अलीची बहीण निजामशाही घराण्यात आली. १५६५ च्या जानेवारीत तालिकोटची लढाई झाली ती या सोयरिकीनंतर. म्हणजे ही मुलगी सासरी गेली तीच एका लष्करी कराराचं कलम म्हणून. आमच्या मुली हे ऐकून नाक मुरडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण हेच कलम पुढे तीस वर्षांनी दोन्ही राज्यांना जोडून ठेवणार होतं.

वालिदांच्या इंतिकालनंतर मुलगा मुर्तझाच्या नावानं खुंझा हुमायून यांनी काही वर्षं राज्य चालवलं. शेवटी सरदार आणि खुद्द मुलगा विरोधात गेले आणि त्यांची रवानगी कैदेत झाली. हुसेन निजामशाहाच्या जीवनावरचं एक सचित्र फारसी हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या चित्रांमध्ये सुलतानाच्या शेजारी बसलेली बेगम नंतर कुणीतरी रंग फासून पुसून टाकलेली आहे. बाईनं कारभार केला तर तिची काय किंमत मोजावी लागते, हे चांदबीबींना घरातच पाहायला मिळालं होतं.

१५८० मध्ये अली आदिलशाहाचा खून झाला. मूलबाळ नव्हतं. गादीवर पुतण्या इब्राहीम, वय नऊ. त्याला वाढवण्याची जबाबदारी चांदबीबींवर आली. कारभारी एकामागून एक बदलत गेले. त्यातल्या किश्वरखानानं तर त्यांच्यावर आळ घेतला की या आपल्या भावाला, निजामशाहाला, विजापूरवर चढाई करायला फूस लावतात. त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं गेलं. आज आपण ज्याला अजिंक्यतारा म्हणतो तोच हा किल्ला. थोड्याच काळात किश्वरखान उलथला आणि त्या सुटून परत आल्या. त्याच सुमारास अहमदनगर आणि गोवळकोंड्याच्या फौजांनी विजापूरला वेढा घातला होता. माहेरची फौज दाराशी असताना त्या सासरच्या बाजूनं उभ्या राहिल्या. सासरी माहेरची हस्तक म्हणून कैद आणि माहेरी सासरची म्हणून संशय. दोन घरांत नांदलेल्या बाईला हे नवीन नाही, फक्त इथे घरांच्या जागी सल्तनती होत्या.

१५८४ मध्ये इब्राहीमची बहीण खदीजा हिचा निकाह निजामशाही शहजाद्याशी झाला. तिच्यासोबत चांदबीबी अहमदनगरला आल्या आणि माहेरीच राहिल्या.

माहेरची अवस्था काय सांगावी! १५८८ मध्ये मुर्तझा निजामशाहाला त्याच्या मुलानंच मारलं. वर्षाच्या आत तो मुलगाही मारला गेला. दख्खनी, हबशी आणि परदेशी अशा सरदारांच्या टोळ्या एकमेकांचे गळे कापत होत्या. १५९५ मध्ये इब्राहीम निजामशाह गादीवर आला आणि काही महिन्यांतच विजापूरच्या फौजेशी लढताना मारला गेला. मागे राहिला त्याचा तान्हा मुलगा बहादूर.

आता एका गादीचे चार वारस उभे राहिले. मियाँ मंजूनं अहमद नावाचा एक पोरगा पुढे केला, तो शाही वंशाचा नाहीच असं नंतर उघड झालं. इखलासखानानं मोती नावाचा दुसरा शोधून आणला. अभंगखान हबशी म्हाताऱ्या शाह अलीला घेऊन उभा. आणि चांदबीबी भावाच्या नातवाला, म्हणजे बहादूरला, कुशीत घेऊन. मियाँ मंजूचं पारडं हलकं झालं तसं त्यानं गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, पत्र धाडून बोलावलं. मागाहून त्याला पस्तावा झाला, पण पाहुणे निघाले होते. १५९५ च्या डिसेंबरात मुराद, खानखानान अब्दुर्रहीम आणि खानदेशचा राजा अलीखान अहमदनगरच्या तटाबाहेर उतरले.

चांदबीबींनी किल्ल्याचा ताबा घेतला, बहादूरच्या नावानं द्वाही फिरवली आणि विजापूरला मदतीची मागणी पाठवली. ज्या विजापूरच्या फौजेनं चार महिन्यांपूर्वी या बाळाचा बाप मारला, त्याच फौजेला बाळ वाचवायला बोलवायचं! हे पचवायला काळीज लागतं. पण विजापूरच्या गादीवर कोण होता? त्यांनी नऊ वर्षांचा असल्यापासून वाढवलेला इब्राहीम. आणि नुसत्या मायेवरही हे काम झालं नसतं. अहमदनगर मोगलांच्या हातात गेलं की पुढची सरहद्द थेट सोलापूरला भिडते, हे इब्राहीमला कळत होतं. गोवळकोंड्यालाही कळत होतं. इब्राहीमनं सुहैलखान या सरदाराला मोठी फौज देऊन नळदुर्गकडे रवाना केलं. तवारीखकार हा आकडा २५,००० स्वारांचा देतात. गोवळकोंड्याची तुकडी येऊन मिळाली. आपसात भांडणारे मियाँ मंजू आणि इखलासखानही तिथेच आले. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला जाताना रस्त्यावरच नळदुर्गचा किल्ला लागतो. आपल्यापैकी मराठवाडा-सोलापूरकडच्या कितीतरी घरांनी तो एसटीच्या खिडकीतून पाहिला असेल.

इकडे मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. मोगल छावणीतल्याच एका माणसानं आत खबर दिली. चांदबीबींनी आतून खणायला लावून दोन सुरुंग निकामी केले. तिसऱ्यावर काम चालू असताना तो उडाला आणि तटाला भलंमोठं खिंडार पडलं. १५९६ चा फेब्रुवारी. लोक पळू लागले तेव्हा त्या नकाब घालून, तलवार घेऊन खिंडारात येऊन उभ्या राहिल्या. दिवसभर हल्ले परतवले, रात्रभर भिंत रचली. सकाळी मोगलांना खिंडार बुजलेलं दिसलं. गोळे संपल्यावर तोफांत सोन्या-चांदीची नाणी भरून डागली, ही गोष्ट बऱ्याच नंतरच्या लेखकांची आहे. मुलांना ती फार आवडते, आम्ही सांगतो, पण हेही सांगतो.

त्यानंतर त्यांनी काय केलं हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्यांनी वाटाघाट केली. मोगल छावणीत दाणागोटा संपत आला होता, मुराद आणि खानखानान यांचं आपसात जमत नव्हतं, नळदुर्गहून फौज निघाल्याची बातमी होती. किल्ल्यातही उपासमार होती. दोन्ही बाजू थकलेल्या असतानाच सौदा होतो. वऱ्हाड मोगलांना द्यायचं, मोगलांनी बहादूरला अहमदनगरचा सुलतान मानायचं आणि निघून जायचं. वऱ्हाड गेलं म्हणून कुणी हळहळेल. पण वऱ्हाड निजामशाहीनं १५७४ मध्ये जिंकलेलं, जेमतेम बावीस वर्षांची कमाई. मूळ घर वाचवायला त्यांनी नवी कमाई सोडली. आम्हाला हा निर्णय खिंडारातल्या तलवारीइतकाच धीटपणाचा वाटतो.

मोगल गेले, पण राज्य सावरणं बाकीच होतं. मियाँ मंजू अजून आपल्या अहमदला सोडायला तयार नव्हता. चांदबीबींनी पुन्हा इब्राहीम आदिलशाहाकडे धाव घेतली. त्यानं फौज पाठवली आणि सोबत एक शहाणपणाची चाल केली. मियाँ मंजूला विजापूरला बोलावून आपल्या सरदारांत जागा दिली, अहमदलाही जहागीर दिली. भांडणाचं मूळच शेजारच्या राज्यात उचलून नेलं, तेही रक्त न सांडता. बहादूर गादीवर बसला.

मग कारभारी नेमलेला मुहंमदखान डोईजड झाला. नातेवाइकांना मोठ्या जागा दिल्या, मोठमोठे सरदार कैदेत टाकले. चांदबीबींनी तिसऱ्यांदा विजापूरला लिहिलं, सुहैलखान पुन्हा आला आणि त्यानं किल्ल्याची नाकेबंदी केली. मुहंमदखानानं वऱ्हाडात बसलेल्या खानखानानला मदतीला बोलावलं, तेव्हा किल्ल्यातल्या शिबंदीनंच त्याला पकडून चांदबीबींच्या हवाली केलं. कारभार अभंगखानाकडे आला. काम झालं आणि सुहैलखान फौज घेऊन परत निघाला. इतिहासात परक्या फौजा काम झाल्यावर परत निघाल्याची उदाहरणं शोधावी लागतात. इथे ती निघाली, कारण आत एक माणूस असा होता की ज्याच्या शब्दाला विजापूरच्या दरबारात वजन होतं.

पण सुहैलखान विजापूरला पोचलाच नाही. तहात नसलेल्या पाथरीच्या मुलखातही मोगल हातपाय पसरत होते. विजापूर, गोवळकोंडा आणि अहमदनगर या तिघांच्या फौजा एकत्र आल्या आणि फेब्रुवारी १५९७ मध्ये गोदावरीकाठी, आजच्या परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठजवळ, खानखानानशी दोन दिवस लढल्या. मोगलांकडून लढणारा खानदेशचा राजा अलीखान पडला. सुहैलखान शर्थीनं लढला, मात्र बाजूच्या दोस्त फौजा टिकल्या नाहीत. तो जखमी होऊन नळदुर्गला परतला. दोस्तांची एकी तिथेच विरली.

पुढची तीन वर्षं वाईट. अभंगखानाला बालसुलतान आपल्या हातात हवा होता. चांदबीबींनी बहादूरला किल्ल्यात ठेवून दरवाजे लावून घेतले. ज्याला कारभारी केलं तोच वेढा घालून बसला. मोगलांकडून आलेल्या अबुल फज़लशी त्यांनी बोलणी चालवली, ती तडीस गेली नाहीत. १६०० मध्ये शहजादा दानियाल आणि खानखानान पुन्हा तटाबाहेर आले. या वेळी विजापूरहून कुणी आलं नाही.

किल्ला फार दिवस टिकणार नाही हे त्यांना दिसत होतं. बहादूरला आणि खजिन्याला घेऊन जुन्नरला जाऊ द्यावं, बदल्यात किल्ला द्यावा, असा विचार त्यांनी जीताखान नावाच्या अंमलदाराजवळ बोलून दाखवला. तो ओरडत बाहेर गेला की बेगम मोगलांना फितूर झाल्या, किल्ला विकताहेत. चिथावलेला जमाव महालात घुसला आणि त्यांना मारलं गेलं. चार वर्षांपूर्वी याच लोकांनी त्यांच्याबरोबर रात्रभर दगड वाहिले होते. साताऱ्याला टाकताना जो आळ होता, जवळजवळ तोच आळ मरतानाही. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

जीताखान आणि शिबंदी किल्ला लढवू म्हणत होती. ऑगस्टमध्ये मोगलांच्या सुरुंगांनी तट उडाला, आत कत्तल झाली. छोट्या बहादूरला पकडून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात बंदिवान केलं गेलं. जुन्नरला तो पोचला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न बसमध्ये एका मुलाच्या वडिलांनी विचारला आणि मग पनवेल येईपर्यंत मागच्या सीटवर वाद चालला होता.

एवढं मात्र माहीत आहे. अभंगखानाच्या पदरी तेव्हा मलिक अंबर नावाचा एक हबशी शिलेदार होता. त्यानं निजामशाही वंशातला दुसरा एक मुलगा शोधला, परांड्याला गादी मांडली आणि मदतीसाठी विजापूरच्या इब्राहीम आदिलशाहाकडेच माणूस पाठवला. इब्राहीमनं त्याला कंधारचा किल्ला दिला. मलिक अंबरनं आपल्या मुलाचं लग्न विजापूरच्या एका सरदाराच्या मुलीशी लावलं.