दोन किनारे

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, बुलोन या बंदराच्या दक्षिणेस, हार्देलो नावाचे एक छोटे गाव आहे. एका बाजूस इंग्लिश खाडीचे करडे पाणी, दुसऱ्या बाजूस पाइन वृक्षांची दाट राई आणि मध्ये ओहोटीच्या वेळी दूरवर उघडी पडणारी सपाट वाळू, असे त्याचे रूप. विसाव्या शतकाच्या आरंभी या गावात एका भारतीय उद्योजकाने आपल्या कुटुंबासाठी घर केले होते. उन्हाळ्याची सुटी लागली, की त्याची मुले पॅरिसहून तेथे येत, वाळूत खेळत आणि आकाशाकडे पाहत. त्या मुलांपैकी एकाने पुढे भारताला आकाशाची वाट दाखवली. ते म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. सारा देश त्यांना जे. आर. डी. टाटा या नावाने ओळखतो.

जे. आर. डीं.चे वडील रतनजी दादाभाई हे मूळचे नवसारीचे. टाटा उद्योगसमूहाचे संस्थापक जमशेदजी टाटा यांचे ते मामेभाऊ. व्यापाराच्या निमित्ताने त्यांचा चीन, जपान आणि युरोप या देशांशी सतत संबंध येई. 1902 साली त्यांनी सुझान ब्रिएर या फ्रेंच तरुणीशी विवाह केला. सुझान यांनी झरतुष्ट्री धर्म स्वीकारला आणि त्यांचे नाव सूनी असे ठेवण्यात आले. या विवाहाने मुंबईच्या पारशी समाजात मोठी खळबळ उडाली. धर्म स्वीकारला, म्हणून परक्या कुळातील व्यक्तीस समाजाच्या धर्मादाय संस्थांचा लाभ घेता येईल काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. 1908 साली निकाल लागला, तो अशा व्यक्तीच्या विरुद्ध. कुटुंबात जिला सून म्हणून प्रेमाने घेतले गेले, तिला समाजाच्या दारात मात्र थांबावे लागले. घर कोणते आणि परके कोण, हा प्रश्न जे. आर. डीं.च्या वाट्याला असा जन्माबरोबरच आला होता.

त्यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिस येथे झाला. पाच भावंडांत ते दुसरे. थोरली बहीण सिला, नंतरची रोडाबे आणि धाकटे दोघे भाऊ दोराब व जमशेद. वडिलांचे कामकाज मुंबईत, आईचे माहेर फ्रान्समध्ये. त्यामुळे कुटुंबाचे बस्तान कधी पॅरिसला, कधी मुंबईला, तर काही काळ जपानमधील योकोहामा येथेही पडले. एका शाळेत रुळावे, तोच दुसऱ्या देशाचे जहाज पकडावे, असे त्यांचे शिक्षण झाले. घरात फ्रेंच बोलली जाई. इंग्रजी त्यांना नंतर प्रयत्नपूर्वक आत्मसात करावी लागली आणि भारतीय भाषांत आपण कच्चे राहिलो, ही खंत त्यांना पुढे बाळगावी लागली. वडील महिनोन्महिने दूर असत. ते फ्रान्समध्ये येत, तेव्हा घरात सणाचे वातावरण निर्माण होई. पण परतीच्या जहाजाचा दिवसही ठरलेलाच असे. आपल्याच घरी पाहुण्यासारखे येणाऱ्या पित्याची ओढ मुलांना पत्रांतून भागवावी लागे.

या अस्थिर बालपणात हार्देलो हा एक विसावा होता. योगायोग असा, की त्याच गावात लुई ब्लेरिओ यांचेही घर होते. 25 जुलै 1909 रोजी ब्लेरिओंनी आपल्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हा साऱ्या युरोपने त्यांना डोक्यावर घेतले. त्यांच्या मुलांशी टाटांच्या मुलांची मैत्री जमली. ब्लेरिओंचे प्रमुख वैमानिक पेगू कधीकधी आपले विमान सरळ समुद्रकिनाऱ्यावर उतरवत. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि समोर धडधडणारे इंजिन, एवढेच ते यंत्र. परंतु वाळूवर धावत जाऊन ते थांबले, की लहानग्या जहांगीरची नजर त्यावर खिळून राही. आपणही एक दिवस वैमानिक व्हायचे, हे त्यांनी तेथेच ठरवले. वयाच्या पंधराव्या वर्षी काही मिनिटांच्या सफरीसाठी त्यांना प्रथमच विमानात बसायला मिळाले. प्रत्यक्ष विमान चालवण्यासाठी त्यांना आणखी बरीच वर्षे थांबावे लागले.

पहिल्या महायुद्धाने या सुखाला पहिला तडा दिला. दुसरा घाव अधिक खोल होता. सूनीबाईंना क्षयाने ग्रासले. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. हवापालट हाच काय तो उपाय. परंतु कोणत्याही देशाची हवा त्यांना मानवली नाही. 1923 साली, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. धाकटा जमशेद तेव्हा सात वर्षांचा होता. फ्रान्समधील घराचा कणाच त्या दिवशी मोडला.

जन्माने फ्रेंच नागरिक असल्यामुळे जे. आर. डीं.ना फ्रान्सच्या सैन्यात एक वर्ष सक्तीची सेवा करावी लागली. ‘स्पाही’ नावाच्या घोडदळात त्यांची नेमणूक झाली. आपला ‘शिपाई’ आणि हा ‘स्पाही’ हे दोन्ही शब्द एकाच फारसी शब्दापासून आलेले आहेत. घोडेस्वारीची त्यांना आवड होती, म्हणून सोम्यूर येथील प्रसिद्ध अश्वविद्यालयात शिकण्यासाठी सैन्यातील मुदत वाढवावी, असे त्यांच्या मनात होते. केंब्रिज विद्यापीठात जाण्याचीही त्यांची इच्छा होती. परंतु वडिलांनी त्यांना मुंबईस बोलावून घेतले. मुलाने आज्ञा पाळली. डिसेंबर 1925 मध्ये ते टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. विद्यापीठाची पदवी मिळाली नाही, ही रुखरुख त्यांना आयुष्यभर लागून राहिली. ती भरून काढण्यासाठी ते रात्री उशिरापर्यंत वाचन करीत.

पुढच्याच वर्षी, 1926 साली, वडीलही गेले. बावीस वर्षांच्या या तरुणावर कुटुंबाची आणि व्यवसायाची जबाबदारी एकदम येऊन पडली. आता त्यांना कोणी बोलावणारे नव्हते आणि अडवणारेही नव्हते. मनात आणले असते, तर मातृभूमी असलेल्या फ्रान्समध्ये त्यांना सुखाने राहता आले असते. त्यांनी भारत निवडला. 1929 साली त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचा त्याग केला. आईच्या देशावरील प्रेम त्यामुळे आटले नाही. पण कर्तव्याची भूमी कोणती, याविषयी त्यांच्या मनात संदेह उरला नाही.

त्याच वर्षी, 10 फेब्रुवारी 1929 रोजी, त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना होता. 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन ते ‘पस मॉथ’ या छोट्या विमानातून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहू येथे उतरले. हार्देलोच्या वाळूवर पाहिलेले स्वप्न अशा रीतीने दुसऱ्या एका समुद्रकिनाऱ्याजवळ खरे झाले. त्या टपालसेवेतूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली. आकाशाने त्यांच्याकडून मोलही घेतले. 1936 साली धाकटा भाऊ जमशेद विमान अपघातात मरण पावला. आईमागे ज्याला सांभाळायचे, तोच गेला. तरीही जे. आर. डीं.नी आपल्या कार्याकडे पाठ फिरवली नाही. 1938 साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष झाले. 1953 साली एअर इंडियाचे राष्ट्रीयीकरण झाल्यावरही 1978 पर्यंत त्यांनी तिचे अध्यक्षपद सांभाळले. 1982 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी कराची ते मुंबई हे पहिले उड्डाण पुन्हा एकदा करून दाखवले. 1992 साली भारत सरकारने त्यांना ‘भारतरत्न’ हा सर्वोच्च सन्मान दिला.

29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. पॅरिसमधील पेर लाशेझ या दफनभूमीत, आईवडिलांच्या सान्निध्यात, त्यांना चिरविश्रांती मिळाली. ज्या कुटुंबाला एका छताखाली फारसे राहता आले नाही, ते अखेर तेथे एकत्र आले. त्यांनी उभारलेली एअर इंडिया जानेवारी 2022 मध्ये पुन्हा टाटा समूहाकडे आली. माणसाचा जन्म कोठे व्हावा, हे त्याच्या हाती नसते. पण आपले आयुष्य कोणत्या मातीसाठी वेचायचे, हे तो ठरवू शकतो. जे. आर. डीं.नी ते ठरवले आणि अखेरपर्यंत निभावले.