धारचा राजा भोज आणि निर्दोष गीत

धार आणि देवास ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. अठराव्या शतकात पवार घराण्याने माळव्यात या दोन्ही ठिकाणी आपल्या गाद्या स्थापन केल्या व त्यांच्याबरोबर मराठी भाषाही तेथे गेली. हे पवार आपले कूळ जुन्या परमार राजांपासून सांगत. त्या परमारांतला सर्वांत नामांकित राजा म्हणजे भोज. गाण्यातील शब्दांना नीतीची कसोटी लावावी की नाही, हा प्रश्न आज आपल्या घरांत व शब्बाथ शाळांतही निघतो. या राजाने त्याचा विचार हजार वर्षांपूर्वी केला होता, म्हणून त्याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

भोज हा सिंधुराजाचा मुलगा. त्याचा चुलता मुंज हा स्वतः कवी होता. चालुक्य राजा तैलप याच्याशी लढताना तो कैद झाला व मारला गेला. भोज इ. स. १०१० च्या सुमारास गादीवर आला आणि त्याने सुमारे ४५ वर्षे राज्य केले. धारा नगरी, म्हणजे आजचे धार, ही त्याची राजधानी. भोपाळजवळ भोजपूर येथे अपुरे राहिलेले शिवमंदिर त्याच्याच नावाने ओळखले जाते. त्याचे आयुष्य सुखाचे गेले असे नाही. दक्षिणेच्या चालुक्य सोमेश्वराने धारा लुटली आणि अखेरीस गुजरातचा भीम व चेदीचा कर्ण यांच्याशी झगडा चालू असतानाच त्याचा अंत झाला. कालिदास त्याच्या दरबारी होता ही मात्र दंतकथा आहे. कालिदास कित्येक शतके आधीचा.

लढायांच्या धामधुमीतही भोजाच्या नावे अनेक ग्रंथ झाले. त्यांपैकी ‘सरस्वतीकंठाभरण’ हा काव्याविषयीचा. चांगल्या काव्याची लक्षणे सांगताना तो पहिली अट घालतो ती निर्दोषपणाची. गुण, अलंकार व रस त्यानंतर येतात. शब्दाचे १६, वाक्याचे १६ व अर्थाचे १६ असे दोष तो मोजतो. लाज आणणारे, अमंगळ व किळसवाणे बोलणे तो ग्राम्य या दोषात घालतो. अर्थाच्या दोषांत विरुद्ध नावाचा एक दोष आहे. जे औचित्याला किंवा धर्मशास्त्राला सोडून आहे, तेही काव्याचे वैगुण्य होय, असे तो मानतो.

पण भोज येथेच थांबत नाही. एखादा शब्द लोकांनी चांगल्या अर्थाने स्वीकारला असेल, तर त्याला दुसरा अर्थ चिकटतो एवढ्यावरून त्यास दोष लागत नाही. प्रसंगाप्रमाणे दोषाचा गुणही होतो. शिवाय ‘शृंगारप्रकाश’ या आपल्या ३६ प्रकरणांच्या प्रचंड ग्रंथात त्याने प्रेमाला काव्यातून हद्दपार न करता धर्म, अर्थ, काम व मोक्ष या चारींशी त्याची सांगड घातली. ज्यांच्या पवित्र शास्त्रात गीतरत्न आहे, त्या आपणांस हे समजणे कठीण जाऊ नये.

मात्र नियम करणे वेगळे व न्याय करणे वेगळे. मेरुतुंग नावाच्या जैन ग्रंथकाराने चौदाव्या शतकाच्या आरंभी एक आख्यायिका लिहून ठेवली आहे. भोजाच्या दरबारातील धनपाल कवीने एक कथा रचली. कथेत आपले नाव व आपली नगरी घाल, असा राजाने आग्रह धरला. कवीने तो मानला नाही, तेव्हा संतापलेल्या राजाने पोथी अग्नीत टाकली. कवी घरी खिन्न होऊन बसला असता त्याच्या मुलीने पाठ असलेला भाग म्हणून दाखवला, उरलेला त्याने पुन्हा लिहिला. तीच ‘तिलकमंजरी’. ही कथा आज उपलब्ध आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, यहोयाकीम राजाने शेगडीत जाळलेला यिर्मयाचा पट व तो पुन्हा लिहिणारा बारूख यांची आठवण ती वाचताना आपल्याला होतेच. त्या पोथीत ग्राम्य शब्द नव्हता, धर्माला सोडून काही नव्हते. दुखावला होता तो राजाचा अहंकार.

यातून आपण काय घ्यावे? गाण्याला नीतीची कसोटी लावणे म्हणजे रसिकतेचा अभाव नव्हे. रसिकांत अग्रगण्य अशा राजानेच ती लावली. पण ती शब्दावरच संपू नये. एखाद्या चित्रपटगीतात एकही वावगा शब्द नसतो आणि तरीही रस्त्यात मुलीची वाट अडवणे ही मोठी गंमत आहे, असे ते मुलांना शिकवून जाते. एखाद्या जुन्या ओवीत धीट शब्द असतो, पण अर्थ निर्मळ असतो. म्हणून शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी गाणे बंद करण्याआधी ते मुलांबरोबर शेवटपर्यंत वाचावे. हे कोण कोणाला म्हणत आहे, व कोणी ते आपल्या बहिणीला उद्देशून म्हटले तर चालेल काय, असे त्यांना विचारावे. मुले बहुधा बरोबर उत्तर देतात. आणि एखादे गीत आपल्याला खटकले, तर त्यात नीती दुखावली आहे की केवळ आपला मान, हे आधी स्वतःच्या मनाला विचारावे. भोजासारख्या जाणत्यालाही, आख्यायिकेप्रमाणे, तेथेच ठेच लागली.