ड्रोनच्या दीडशे वर्षं आधी हा गडी फुग्यात बसून बदलत्या शहराचे फोटो काढत होता

पुनर्विकासाला गेलेल्या एखाद्या वस्तीचं रील समोर आलं की त्याची सुरुवात ठरलेली असते. ड्रोन वर जातो, खाली निळ्या ताडपत्र्यांची छपरं, मधोमध खणलेला भलामोठा खड्डा आणि बाजूला टॉवर क्रेन. एरिया किती बदलला ते एका फ्रेममध्ये कळतं.

हवेत जाऊन खालचा फोटो काढायची ही आयडिया पहिल्यांदा खरी करून दाखवली ती पॅरिसच्या एका माणसाने, १८५८ साली. त्याचं नाव नादार.

मराठीत नादार म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. गंमत अशी की गड्याला तो अर्थसुद्धा लागू पडायचा. १८५० मध्ये कर्ज फेडता आलं नाही म्हणून तो तुरुंगात जाऊन आला होता.

खरं नाव गास्पार-फेलिक्स तूर्नाशाँ, जन्म ६ एप्रिल १८२०. वडील पुस्तकांचे प्रकाशक, पण धंदा बुडाला आणि पोराचं डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट राहिलं. मग तो वर्तमानपत्रात लिहायला लागला, व्यंगचित्रं काढायला लागला. मित्रांनी आडनावाची मोडतोड करून ठेवलेलं टोपणनाव त्याला कायमचं चिकटलं. पुढे कॅमेरा हातात आला आणि कवी बोदलेरपासून अभिनेत्री सारा बर्नहार्टपर्यंत सगळे त्याच्यासमोर बसले.

त्याच काळात पॅरिसची पाडापाडी सुरू होती. सम्राट तिसरा नेपोलियन याने १८५३ मध्ये ओस्मान नावाच्या अधिकाऱ्याला शहराचा कारभार दिला. ओस्मानने जुन्या अरुंद गल्ल्या पाडून रुंद, सरळ रस्ते काढले. १८६० मध्ये आजूबाजूची गावं शहरात घेतली आणि पॅरिसचे विभाग १२ चे २० झाले. भाडी वाढली, गरीब माणूस कडेला फेकला गेला. ओळखीचं वाटतंय ना?

नादारला हे सगळं वरून टिपायचं होतं, पण फक्त हौस म्हणून नाही. १८५८ मध्ये त्याने पेटंट घेतलं त्यात कल्पना अशी होती की फुग्यातून फोटो काढायचे आणि त्यावरून जमिनीचे नकाशे बनवायचे, मोजणी करायची. आज स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोनने होते आणि घराचं प्रॉपर्टी कार्ड हातात पडतं, ती साधारण हीच कल्पना.

सांगायला सोपं, करायला महाकठीण. तेव्हा फोटो काचेवर निघायचा. काचेला रसायन लावायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. म्हणजे फुग्याच्या टोपलीत अख्खी डार्करूम, तीही हवेत डोलणारी. बरं, एवढं करूनही काच काळीच निघायची. बऱ्याच खेपा वाया गेल्यावर कारण कळलं. फुग्याच्या खालच्या तोंडातून गॅस बाहेर यायचा आणि त्यातलं हायड्रोजन सल्फाइड काचेवरचं रसायन खराब करायचं. मग त्याने ते तोंड बंद करून फुगा वर नेला. पॅरिसजवळच्या एका खेड्यावर, साधारण ८० मीटर उंचीवर, अखेर चित्र उमटलं. अगदी फिकट, पण खालची घरं दिसत होती.

तो फोटो आज कुठेच नाही. त्यामुळे हवेतून काढलेला सगळ्यात जुना शिल्लक फोटो म्हणून मान मिळतो तो अमेरिकेतल्या बॉस्टन शहराच्या १८६० मधल्या फोटोला.

पेटंटच्या पुढच्याच वर्षी इटलीत युद्ध पेटलं. शत्रूचे फोटो वरून काढून दे, असं सरकारकडून विचारणं झालं. नादार पडला राजेशाहीच्या विरोधातला. त्याच्या आठवणींनुसार त्याने चक्क नकार दिला. वरून काढलेला फोटो नेमका कोणाच्या कामाला येणार, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

१८६८ मध्ये मात्र त्याला बदलतं पॅरिस नीट सापडलं. दोराने बांधलेल्या फुग्यातून त्याने एत्वाल भागाचे फोटो काढले. आर्क द त्रिओंफची कमान, तिच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले रस्ते, नव्या इमारती. हे फोटो आजही आहेत.

पण त्यात माणसं जवळपास दिसतच नाहीत, आणि मला विचाराल तर हीच वरून काढलेल्या फोटोची मोठी अडचण आहे. रस्ता देखणा दिसतो, त्याखाली कोणाचं घर गेलं ते दिसत नाही. त्यासाठी मार्व्हिल नावाच्या दुसऱ्या फोटोग्राफरकडे जावं लागतं. नगरपालिकेनेच त्याला पाडकामात जाणाऱ्या जुन्या गल्ल्यांचे फोटो काढायला लावलं. त्याने जमिनीवर उभं राहून चारशेहून जास्त फोटो काढले.

नादार मात्र वर जाऊन थांबला नाही, खालीही उतरला. शहराखालच्या हाडांच्या भुयारांचे आणि गटारांचे फोटो त्याने बॅटरीवरच्या विजेच्या उजेडात काढले. एका फोटोला कधीकधी १८ मिनिटं लागायची. तेवढा वेळ कोण स्तब्ध उभं राहणार? म्हणून मजुरांच्या जागी कपडे घातलेले पुतळे उभे केले.

आणि आता ड्रोनशी खरा दुवा. फुगा वारा नेईल तिकडे जातो, तेव्हा उडायचं तर पंख्याच्या जोरावर, हवेपेक्षा जड यंत्राने, असं त्याचं ठाम मत होतं. १८६३ मध्ये त्यासाठी त्याने संस्था काढली. भा. रा. भागवतांमुळे मराठी पोरांच्या ओळखीचा झालेला ज्यूल व्हर्न त्या संस्थेत होता. व्हर्नच्या चंद्रावर निघालेल्या कादंबरीतला आर्दां म्हणजे नादारच, अक्षरं उलटसुलट केलेला.

पंख्याच्या यंत्रासाठी पैसा हवा होता, म्हणून त्याने सहा हजार घनमीटरचा अवाढव्य फुगा बांधला. तिकीट लावून लोकांना तो दाखवायचा. दुसऱ्याच उड्डाणात फुगा जर्मनीत हॅनोव्हरजवळ जमिनीवरून फरफटत गेला. नादार आणि त्याची बायको अर्नेस्टीन दोघंही जखमी झाले. पैसे मिळायचे राहिले बाजूला, गडी पुन्हा नादार.

जुलै १९०९ मध्ये ब्लेरिओ विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून गेला. नादार तेव्हा ८९ वर्षांचा होता. त्याने ब्लेरिओला अभिनंदनाची तार पाठवली. पुढच्या मार्चमध्ये, २० तारखेला, तो पॅरिसमध्ये वारला.