दिवसा नोकरी, रात्री मोटार : लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन

बेंगळुरू : इलेक्ट्रॉनिक सिटीतील एखाद्या कंपनीत आठवडाभर काम करायचे, ज्या गाडीने कामावर जायचे तीच सुटीच्या दिवशी कोइंबतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर न्यायची आणि सोमवारी तिच्यातूनच पुन्हा कचेरी गाठायची, असे स्वप्न पाहणारा तरुण अभियंता नकळत एका जुन्या परंपरेचा वारस असतो. जुनी, स्वस्त गाडी घेऊन तिच्यात निराळे इंजिन बसवावे आणि तिला रस्त्याच्याही व शर्यतीच्याही उपयोगी करावे, या हौसेतून इंग्लंडमध्ये एक मोठा कारखाना उभा राहिला. त्याचे नाव लोटस. तो उभारणारे कॉलिन चॅपमनही प्रारंभी नोकरदार अभियंतेच होते.

चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनलगतच्या रिचमंड येथे झाला. उत्तर लंडनमधील हॉर्न्सी भागात त्यांचे वडील रेल्वे हॉटेल चालवीत. युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकाम अभियांत्रिकी शिकत असतानाच कॉलिन जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करू लागले. युद्धोत्तर टंचाईत १९४७ साली सरकारने खासगी मोटारींचा पेट्रोलचा मूळ कोटा बंद केला आणि हा धंदा एका फटक्यात बसला. हाती उरली ती १९३० सालची एक ऑस्टिन सेव्हन. गिऱ्हाईक नसलेल्या या गाडीचे करायचे काय, या प्रश्नातूनच पुढचे सारे घडले.

मैत्रीण हेझल विल्यम्स यांच्या घरामागील गॅरेजमध्ये चॅपमन यांनी ती गाडी उकलली. तुळया आणि सांगाडे यांचे गणित ते महाविद्यालयात शिकत होतेच. ते त्यांनी मोटारीला लावले. चॅसिसच्या उघड्या पट्ट्या बंद पेटीसारख्या करून त्यांनी तिला ताठरपणा आणला आणि ॲल्युमिनियमचा पत्रा चढवलेल्या प्लायवूडची नवी बॉडी बसवली. १९४८ मध्ये रस्त्यासाठी नोंदवलेली ही गाडी पहिली लोटस ठरली. चिखलाच्या चढणींवरील स्पर्धांना ती स्वतःच्या चाकांवर जाई आणि स्वतःच्या चाकांवर परत येई.

दुसऱ्या गाडीत त्यांनी ऑस्टिनच्या चॅसिसवर फोर्डचे इंजिन बसवले. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मोठे इंजिन आत गेले की माउंटिंग बदलावे लागते, गिअरबॉक्स जुळवावा लागतो, पुढच्या चाकांवरचा भार वाढतो, त्यामुळे स्प्रिंग आणि स्टिअरिंगची वागणूक पालटते. वेग वाढल्यामुळे जुने ब्रेक अपुरे पडतात, हे तर वेगळेच. इंजिन बदलणाऱ्याला अखेर सारी गाडीच नव्याने विचारात घ्यावी लागते. चॅपमन यांनी ती घेतली. १९५० मध्ये याच गाडीने सिल्व्हरस्टोनवर शर्यत जिंकली आणि चिखल मागे पडून ट्रॅक हेच त्यांचे क्षेत्र झाले.

हवाई दलातील अल्पकाळाच्या सेवेनंतर ते ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत अभियंता म्हणून रुजू झाले होते. १ जानेवारी १९५२ रोजी हेझल यांच्याकडून घेतलेल्या २५ पौंडांवर त्यांनी लोटस इंजिनिअरिंगची स्थापना केली. वडिलांच्या हॉटेलमागील जुना तबेला हेच कार्यालय आणि हाच कारखाना. दिवसा नोकरी व रात्री वेल्डिंग हा क्रम १९५४ अखेरपर्यंत चालला. त्याच वर्षी हेझल यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

तबेल्यातून बाहेर पडलेली मार्क सिक्स ही गाडी अपुऱ्या भांडवलावरचे उत्तर होते. बारीक पोलादी नळ्यांची तिची चौकट सुमारे २५ किलोंची. कंपनी चौकट आणि सुटे भाग देई. इंजिन ग्राहकाने आपल्या ऐपतीप्रमाणे आणायचे, बहुधा जुन्या फोर्डमधून काढलेले. यामागे करांचे गणितही होते. तयार मोटारीवर इंग्लंडमध्ये खरेदी कर बसे, स्वतः जुळवलेल्या गाडीवर बसत नसे. १९५७ मधील लोटस सेव्हनने हाच मार्ग प्रशस्त केला. दरवाजे नाहीत, आडोसा जेमतेम, वजन सुमारे ५०० किलो. शक्ती विकत घेण्यापेक्षा वजन काढून टाकणे स्वस्त पडते, आणि हलकी गाडी वेग घेताना, वळताना व थांबतानाही फायद्यात राहते, हा चॅपमन यांचा हिशेब होता. १९६३ मध्ये त्यांनी फोर्डच्या घरगुती कॉर्टिनात आपले दोन कॅमशाफ्टांचे इंजिन बसवले, तेव्हा सामान्य चारचाकीही ट्रॅकवर मानाने उतरली.

भारतीय वाचकाला येथे एक फरक ध्यानात ठेवावा लागेल. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतील मनमानी बदलांना आडवे येते, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ आराखड्याबाहेरील बदल अमान्य ठरवले. म्हणूनच आपल्याकडे ही कल्पकता मुख्यतः ट्रॅकपुरत्या गाड्यांत दिसली. कोइंबतूरचे दिवंगत एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन घालून घडवलेली एक आसनी शर्यतगाडी हे त्याचे ठळक उदाहरण होय. वर उल्लेखिलेला स्पीडवे त्यांच्याच नावाचा आहे.

चॅपमन मात्र आता फॉर्म्युला वनमध्ये पोहोचले होते. १९६२ च्या लोटस २५ मध्ये नळ्यांऐवजी पत्र्याचे कवचच चौकटीचे काम करू लागले; जिम क्लार्क यांनी लोटसवर १९६३ आणि १९६५ मध्ये विश्वविजेतेपद मिळवले. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये तर इंजिन हेच गाडीचे मागचे हाड बनले. हे कॉसवर्थ इंजिन फोर्डच्या पैशावर तयार झाले होते आणि घडवणारे कीथ डकवर्थ हे लोटसचेच जुने कर्मचारी. पहिल्याच शर्यतीत ही गाडी जिंकली. १९७८ पर्यंत लोटसच्या खाती बांधणीकारांची सात विजेतेपदे जमा झाली.

परंतु वजन कोठवर काढायचे? लोटसच्या गाड्या मोडतात, असा लौकिकही याच काळातला आणि तो निराधार नव्हता. १९६० मध्ये बेल्जियममधील स्पा येथे स्टिअरिंग तुटून मायकेल टेलर जबर जखमी झाले व त्यांनी कंपनीला न्यायालयात खेचले. १९६८ मध्ये हॉकेनहाइमला क्लार्क गेले. १९७० मध्ये माँझाच्या सरावात योखेन रिंट यांच्या गाडीचा पुढच्या ब्रेकचा दांडा तुटला. ते मृत्यूनंतर विश्वविजेते ठरले. क्लार्क यांच्या मृत्यूने चॅपमन खचले होते, तरी रेखनफलकावरची त्यांची काटकसर सुटली नाही. गाडी चालवणाऱ्याच्या जिवाशी हा हिशेब कितपत न्याय्य होता, याबद्दल त्यांच्या चाहत्यांतही एकमत नाही.

पैशाच्या बाबतीत तर प्रकरण अधिक काळवंडले. उत्तर आयर्लंडमधील डिलॉरियन मोटारीच्या विकासाचे काम लोटसने घेतले होते. त्यासाठी दिलेल्या रकमेतील लाखो पौंड वाटेत नाहीसे झाले. चौकशी पूर्ण होण्याआधीच, १६ डिसेंबर १९८२ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन यांचे निधन झाले. लोटसचे अर्थव्यवहार सांभाळणारे फ्रेड बुशेल यांना या प्रकरणी १९९२ मध्ये तुरुंगवास झाला.

सेव्हनचे हक्क चॅपमन यांनी १९७३ मध्येच कॅटरहॅम या विक्रेत्या कंपनीला दिले होते. कॅटरहॅमने त्यानंतरही ती गाडी सुट्या भागांत विकणे चालू ठेवले, आणि तिच्यात वेळोवेळी निरनिराळी इंजिने बसत गेली.