रक्षकच उलटतात तेव्हा

सत्तरीपुढच्या माणसाला न्यूमोनिया होतो, पण पुष्कळदा ताप येतच नाही. ताप नाही म्हणून घरचे थांबतात आणि आमच्या वॉर्डात पोहोचायला उशीर होतो. अशा वेळी मला इल्या मेचनिकॉव्ह आठवतात. वय झाल्यावर शरीराचे रक्षक कसे वागतात, हा प्रश्न त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच उचलला होता.

जन्म १८४५चा, खारकिव्हजवळचा. शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ, डॉक्टर नव्हेत. पहिली पत्नी क्षयाने गेली, तेव्हा ते जगण्याला इतके विटले की जीव द्यायला निघाले होते. १८८२ साली ते सिसिलीतल्या मेसिना शहरात राहत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीला गेली आणि हे सूक्ष्मदर्शकापाशी एकटेच उरले. समोर तारामाशाच्या पारदर्शक अळ्या. त्यांनी बागेतल्या गुलाबाचे काटे तोडून त्या अळ्यांमध्ये खुपसले. रात्रभर झोप नाही. सकाळी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! परक्याला वेढून गिळणाऱ्या या भक्षक पेशी. आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी याच कुळातल्या. या कामासाठी १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. (मुंबईत प्लेगची लस तयार करणारे हाफकिन हे त्यांचेच ओडेसातले विद्यार्थी.)

पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना म्हातारपणाने पछाडलं. उतारवयात हेच भक्षक घरभेदी होऊन केसांतला रंग आणि मेंदूच्या पेशी खातात, आणि त्यामागे मोठ्या आतड्यातल्या जंतूंची विषं असतात, असं त्यांचं मत होतं. उपाय म्हणून ते रोज आंबवलेलं दूध घेत. त्यापायी युरोपात दह्याचं खूळच पसरलं.

आतड्यातल्या विषाने म्हातारपण येतं, हे काही टिकलं नाही. मेंदूच्या पेशींबाबतही ते जरा वाहवलेच. पण घरभेद्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरलेल्या भक्षक पेशी कोलेस्टेरॉल गिळून फुगतात, तिथेच अडकतात आणि दाह धुमसत ठेवतात. हृदयविकाराची सुरुवात बरेचदा इथेच होते. वयाबरोबर छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, नव्या टी-पेशी कमी तयार होतात. जुन्या पेशी जंतू समोर आला की ढिल्या पडतात, आणि एरवी मात्र विनाकारण थोडाथोडा दाह चालू ठेवतात.

दही रोज खाऊ का, असं ओपीडीत अनेक आजोबा विचारतात. खुशाल खा म्हणतो, पण फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घेतलीत का, हेही विचारतो.

मेचनिकॉव्ह १९१६ साली वयाच्या ७१व्या वर्षी पॅरिसमध्ये वारले, हृदयविकाराने. त्यांच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.