विश्लेषण : २२ वर्षांत एकही मोठा चषक नाही, तरीही पहिले ‘पद्मश्री’ फुटबॉलपटू… कोण होते ‘चिनी भिंत’ गोष्ठ पाल?

जुलैत चेंबूरच्या मैदानांवर चिखल झाला, की फुटबॉल खेळणारी मुले चपला-बूट काठाला काढून ठेवतात आणि अनवाणी उतरतात. पाच मिनिटांत त्यांच्या लक्षात येते, की ओल्या मैदानावर अनवाणी धावता येते, पण हवे तिथे थांबता येत नाही. आघाडीवीराचे यात एकवेळ निभावते. बचावपटूचे सगळे काम मात्र थांबणे आणि वळणे यांवरच चालते.

ही अडचण पायाशी घेऊन गोष्ठ पाल सुमारे २२ वर्षे मोहन बागानच्या बचावफळीत उभे राहिले. समोर बहुतेक वेळा बूट घातलेल्या गोऱ्या पलटणी असत. १९२३ मध्ये ते मुंबईतही खेळून गेले. कोलकात्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पुतळा आहे. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कुणाला आठवत नाही.

कुठून आले गोष्ठ पाल?

जन्म २० ऑगस्ट १८९६ चा, पूर्व बंगालमधल्या तेव्हाच्या फरिदपूर जिल्ह्यातील भोजेश्वर गावचा. हा भाग आज बांगलादेशात आहे. लहानपणीच ते कोलकात्यात आले आणि मूर्तिकारांच्या वस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या कुमारटुली भागात वाढले. तिथल्या मैदानावर राजेन सेनगुप्ता यांनी त्यांचा खेळ हेरला. सेनगुप्ता साधे गृहस्थ नव्हते. २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शिल्ड जिंकणाऱ्या मोहन बागानच्या अकरा जणांपैकी ते एक होते. ब्रिटिश संघाला हरवून भारतीय संघाने ही स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्या संघात दहा जण अनवाणी खेळले होते, बूट फक्त सुधीर चटर्जी यांच्या पायात होते.

पाल क्लबमध्ये आले ते या विजयानंतर, वयाची सोळा-सतरा वर्षे असताना. म्हणजे जल्लोष संपल्यावर आणि अपेक्षा वाढलेल्या असताना. पूर्व बंगालची माणसे पुढे ईस्ट बंगाल क्लबची पाठीराखी झाली, पण तो क्लब स्थापन झाला १९२० मध्ये. तोवर हा पूर्व बंगालचा मुलगा मोहन बागानचा आधारस्तंभ झाला होता आणि अखेरपर्यंत त्याच क्लबचा राहिला.

तेव्हा बचावपटूचे काम नेमके काय असे?

आजच्या चार किंवा पाच जणांच्या बचावफळीची सवय असलेल्यांना हे थोडे समजून घ्यावे लागेल. त्या काळी संघ २-३-५ असा उभा राहत असे. पाच आघाडीवीर, तीन मधले आणि गोलरक्षकाच्या पुढे फक्त दोन बॅक. त्यातला एक चुकला, की समोर सरळ गोल.

या दोघांना आधार होता तो ऑफसाइडच्या जुन्या नियमाचा. चेंडू पुढे दिला जाताना आघाडीवीर आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्धी संघाचे किमान तीन खेळाडू असावे लागत. त्यामुळे एक बॅक योग्य वेळी पुढे सरकला, की आख्खी चढाई ऑफसाइडमध्ये अडकायची. १९२५ मध्ये हा आकडा तीनवरून दोनवर आला. इंग्लंडमध्ये त्यानंतर गोलांचा पाऊस पडला आणि अनेक नामांकित बॅक रातोरात जुने वाटू लागले. तेव्हा पाल एकोणतीस वर्षांचे होते. बॅकचे काम अधिक कठीण झाल्यावरही ते पुढची दहा वर्षे खेळले. त्यांच्या कारकिर्दीतील ही गोष्ट मला कोणत्याही टोपणनावापेक्षा मोठी वाटते.

टोपणनाव मात्र जोरदार होते. कोलकात्याच्या ‘द इंग्लिशमन’ या ब्रिटिशांच्या दैनिकाने त्यांना ‘चिनी भिंत’ म्हटल्याचे सांगितले जाते. बंगालीत त्याचे ‘चीनेर प्राचीर’ झाले आणि ते कायमचे चिकटले. उंचीपुरी, भक्कम शरीरयष्टी, डोक्याने चेंडू परतवण्याची ताकद आणि लांबवर जाणारी किक, ही त्यांची शिदोरी. धसमुसळा खेळ करणारे म्हणून त्यांची ख्याती नव्हती. समोरच्याच्या पायात बूट आणि आपले पाय उघडे असताना धसमुसळेपणा परवडणाराही नव्हता म्हणा.

समोर कोण असायचे?

कोलकाता लीगमध्ये लष्करी आणि गोऱ्या क्लबांचेच राज्य होते. ब्लॅक वॉच, हायलँडर्स अशा स्कॉटिश पलटणी विजेतेपदे नेत. मोहन बागानला पहिल्या विभागात प्रवेश मिळाला तो १९१५ मध्ये, शिल्ड जिंकल्यानंतर चार वर्षांनी. या विभागात भारतीय संघ दोनच असावेत असा दंडक होता, तो १९२५ पर्यंत टिकला. म्हणजे पाल ज्या लीगमध्ये वाढले, तिथे जवळजवळ प्रत्येक सामना गोऱ्यांशीच असे. बंगाली प्रेक्षक मैदानाभोवती गर्दी करत ती फक्त फुटबॉलसाठी नव्हे.

१९२१ ते १९२६ या काळात पाल कर्णधार होते. त्यांच्या संघाने अनेकदा वरचे स्थान मिळवले, पण लीग काही जिंकली नाही.

१९२३ मध्ये मुंबईत काय झाले?

हे वर्ष सगळ्यात जवळ नेणारे आणि सगळ्यात जास्त लागणारे. कोलकात्यात आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानची गाठ कलकत्ता एफसीशी पडली. पावसाने मैदानाची दलदल झाली होती. त्या काळचा चामड्याचा चेंडू पाणी पिऊन जड व्हायचा. बूटवाल्यांना चिखलात पाय रोवता येत होता, अनवाणी खेळाडूंचा पाय निसटत होता. निकाल ३-० असा कलकत्ता एफसीच्या बाजूने लागला.

त्याच वर्षी संघ रोव्हर्स चषकासाठी मुंबईला आला. ही स्पर्धा १८९१ पासूनची. पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटने नेला होता आणि पुढची तीस वर्षे हा पलटणींचाच मामला होता. बंगालहून रेल्वेने देश ओलांडून आलेला अनवाणी संघ, कर्णधार पाल, आणि हा संघ थेट अंतिम फेरीत पोहोचला. तिथे डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यांना ४-१ असे हरवले. डरहॅम हा इंग्लंडच्या उत्तरेकडचा कोळसा खाणींचा परगणा. फुटबॉल तिथल्या गल्लीबोळात भिनलेला, आणि पलटणीत भरती होणारी पोरे याच गल्ल्यांमधली. त्यामुळे हा पराभव नवलाचा नव्हता. अंतिम फेरी गाठणे हेच नवल होते.

भारतीय संघाने रोव्हर्स चषक उचलला तो १९३७ मध्ये, बंगळूर मुस्लिम्सने. मोहन बागानला त्यासाठी १९५५ उजाडावे लागले. पुढे कूपरेजवर दरवर्षी रंगणारी ही स्पर्धा या शतकाच्या सुरुवातीला बंदच पडली, त्यामुळे चेंबूरहून हार्बर लोकल पकडून ती पाहायला जाणारी पिढी आता साठीच्या आसपास असेल.

मग चषक किती जिंकले?

लहान स्पर्धा जिंकल्या. पण लीग, शिल्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स या चार मोठ्या स्पर्धांपैकी पालांच्या काळात मोहन बागानने एकही जिंकली नाही. १९२५ मध्ये सिमल्याच्या ड्युरँड स्पर्धेचे निमंत्रण मिळाले, जे तोवर नागरी भारतीय संघांना मिळत नसे. तिथेही उपांत्य फेरीच्या पुढे जाता आले नाही. लीगचे पहिले विजेतेपद आले १९३९ मध्ये, पाल निवृत्त झाल्यावर. १९११ त्यांच्या आधीचे, १९३९ त्यांच्या नंतरचे, आणि मधली सगळी वर्षे त्यांची.

१९३३ मध्ये भारतीय संघ सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, दौऱ्यावर गेला तेव्हा नेतृत्व त्यांच्याकडेच होते. ते हॉकी, क्रिकेट आणि टेनिसही क्लबकडून खेळले.

शेवट कसा झाला?

शांतपणे नाही. १९३५ मध्ये कलकत्ता एफसीविरुद्धच्या सामन्यात पंचांच्या निर्णयांनी वैतागलेले मोहन बागानचे खेळाडू निषेध म्हणून मैदानावर आडवे झाले, असे सांगितले जाते. सत्याग्रहाचे दिवस होते, मैदान त्यातून कसे सुटेल? ठपका पालांवर आला आणि त्यांनी खेळ थांबवला. तेव्हा ते चाळिशीला टेकले होते.

१९६२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा सन्मान मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू. एप्रिल १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८४ मध्ये कोलकात्याच्या मैदानात, ईडन गार्डन्ससमोर त्यांचा पुतळा उभा राहिला, १९९८ मध्ये टपाल तिकीट निघाले आणि २००४ मध्ये क्लबने त्यांना मरणोत्तर ‘मोहन बागान रत्न’ दिले. क्लबला आज पत्र पाठवायचे, तर पत्त्यात गोष्ठ पाल सरणी असेच लिहावे लागते.