खिळे जुळवणारा कथाकार

जगाला मार्क ट्वेन या नावाने परिचित असलेले सॅम्युअल क्लेमेन्स यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८३५ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात झाला. मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल गावात ते लहानाचे मोठे झाले. १८४७ मध्ये वडील वारले, तेव्हा सॅम्युअल अवघा ११ वर्षांचा होता. लवकरच तो एका वृत्तपत्राच्या छापखान्यात उमेदवारी करू लागला. मोबदला म्हणजे जेवण आणि कपडे.

शिशाचे खिळे जुळवता जुळवता दूरदेशीच्या बातम्या त्याच्या नजरेखालून जात. हीच त्याची खरी शाळा ठरली. पुढे थोरला भाऊ ओरायन याच्या पत्रात तो जुळारी झाला. १८५२ मध्ये भाऊ परगावी गेला असता या १६ वर्षांच्या मुलाने प्रतिस्पर्धी संपादकाची खिल्ली उडवणारा मजकूर छापून टाकला.

१८५३ मध्ये गाव सोडून त्यांनी न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया येथील छापखान्यांत काम केले. नंतर ते मिसिसिपीवर आगबोटी हाकू लागले. परंतु १८६१ च्या यादवी युद्धाने तो व्यवसाय संपला. १८६२ मध्ये नेवाडातील 'टेरिटोरियल एंटरप्राइझ' या पत्रात ते बातमीदार झाले. पुढल्याच वर्षी त्यांनी टोपणनाव घेतले. पाणी १२ फूट, म्हणजे दोन वाव खोल असल्याची ती नावाड्यांची आरोळी होती. त्याच वर्षी त्यांनी रचलेली हत्याकांडाची कपोलकल्पित बातमी लोकांनी खरी मानली. गदारोळ माजला आणि ती मागे घ्यावी लागली.

बातमीत न खपणारी ही कल्पनाशक्ती कथेत मात्र फुलली. १८६५ मधील उड्या मारणाऱ्या बेडकाच्या कथेने त्यांना कीर्ती दिली. 'टॉम सॉयर' (१८७६) आणि 'हकलबेरी फिन' (१८८४) यांनी हॅनिबलचे बालपण अजरामर केले.

छापखान्याची ओढ मात्र महागात पडली. खिळे आपोआप जुळवणाऱ्या पेज यंत्रात त्यांनी लाखो डॉलर घातले. यंत्र बाजारात टिकले नाही, स्वतःची प्रकाशनसंस्थाही बुडाली आणि १८९४ मध्ये दिवाळे निघाले. कायद्याने बंधन नसतानाही पै न् पै फेडण्याचा त्यांनी निश्चय केला. वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर ते जगभर व्याख्याने देत निघाले. जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईतही आले. १८९८ पर्यंत सारे कर्ज फिटले. २१ एप्रिल १९१० रोजी त्यांचे निधन झाले. यंत्राने बुडवलेल्या या जुळाऱ्याला अखेर गोष्ट सांगण्याच्या कलेनेच तारले.